अमेरिकेचा सगळ्यात मोठा जनरल कोण? पॅटन नाही, ली नाही, ग्रँट

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या लष्करी इतिहासातला सगळ्यात मोठा जनरल कोण, आणि विचारणाऱ्यानं सोबत चार नावंही दिलीत, पॅटन, मॅकआर्थर, रॉबर्ट ली आणि जॉर्ज वॉशिंग्टन, यातला एक निवडा म्हणून. चारांत ग्रँट नाही! मी फौजेत सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये काढली, म्हणजे सप्लाय आणि ट्रान्सपोर्ट, आणि नंतर तरुण ऑफिसरांना प्रमोशनच्या परीक्षेसाठी मिलिटरी हिस्टरी शिकवली, त्यामुळे माझा चष्मा कोणता ते आधीच सांगून टाकतो. कुणी किती शौर्य गाजवलं यापेक्षा पीठ, चारा आणि काडतुसं वेळेवर पोचली का हे मी आधी बघतो. तसं बघितलं तर युलिसिस ग्रँटच्या, म्हणजे १८६१-६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या फुटलेल्या राज्यांविरुद्ध लढलेल्या उत्तरेच्या सेनापतीच्या, आसपास कोणी येत नाही.

मोठा ठरवायचा कसा यावरच निम्मी भांडणं होतात. लढाई जिंकणारे पुष्कळ सापडतील. जिंकल्यावर समोरची अख्खी फौजच शरण आणणारे थोडे. आणि चार-पाच फौजा शेकडो मैलांत पसरल्यात, त्या सगळ्यांना एका योजनेत बांधायचं, राजधानीतल्या पुढाऱ्यांना सांभाळायचं आणि युद्ध एकदाचं संपवायचं, असं करून दाखवणारे तर अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझी कसोटी ही शेवटची. कुणाला मान्य नसेल तर त्याचं उत्तर वेगळं येईल, चालेल की.

पॅटन दुसऱ्या महायुद्धातला, त्याला लवकर निकालात काढतो. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलात मुसंडी मारली तेव्हा १९ तारखेला व्हर्दंला बैठक झाली, आणि तीन डिव्हिजन घेऊन २२ला हल्ला करतो असं हा म्हणाला. बाकीच्यांना वाटलं फुशारकी मारतोय, पण त्यानं निघण्याआधीच स्टाफकडून वेगवेगळे प्लॅन तयार करून घेतले होते, नुसता फोनवर कोडवर्ड द्यायचा बाकी होता. बर्फाळ रस्त्यांवर अख्ख्या आर्मीचं तोंड पूर्वेकडून उत्तरेकडं वळवायचं म्हणजे ट्रक, पेट्रोल, टेलिफोनच्या लाइनी, नकाशे, सगळंच उलटंपालटं होतं, ज्यानं कधी साधी ब्रिगेड हलवलीय त्याला विचारा. २६ला त्याचे रणगाडे वेढ्यात अडकलेल्या बास्तोनला पोचले. कमाल आहे, मान्य. पण तो एका आर्मीचा कमांडर, कुठं लढायचं आणि का लढायचं हे वरचे ठरवत होते. त्याच वर्षी मेट्झच्या किल्ल्यांपुढं तो महिनोन्‌महिने अडकला होता, आणि मार्च १९४५ मध्ये हामेलबुर्गच्या कैद्यांच्या कँपवर त्यानं तीनशेक माणसं शत्रूच्या मुलखात आत पाठवली, तिथं त्याचा स्वतःचा जावई कैदेत होता, आणि त्या तुकडीतले जवळजवळ सगळे मारले गेले किंवा पकडले गेले. सिनेमातला पॅटन वेगळा.

मॅकआर्थरचं कोरिया युद्धातलं इंचॉन, सप्टेंबर १९५०, निर्विवाद थोर. भरती-ओहोटीत तीस फुटांचा फरक असलेल्या बंदरात फौज उतरवायची, स्वतःचेच नौदलवाले नको म्हणतायत, आणि हा ठाम. पण तोच माणूस १९४१ मध्ये फिलिपिन्सला होता. पर्ल हार्बरची बातमी कळून तास उलटून गेले तरी त्याची विमानं क्लार्क फील्डवर जमिनीवरच सापडली. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं त्याहून वाईट म्हणजे बटान द्वीपकल्पात आधीच रसद साठवायची जुनी योजना त्यानं बाजूला ठेवली, किनाऱ्यावरच अडवू म्हणाला, आणि माघार घ्यायची वेळ आली तेव्हा धान्य मागं राहिलं आणि सैनिक बटानमध्ये. जानेवारी १९४२ पासून ते अर्ध्या रेशनवर लढले. नंतर कोरियात चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडं धावताना चिनी फौज डोंगरात येऊन बसलीय हे त्यानं मनावर घेतलं नाही, आणि एप्रिल १९५१ मध्ये ट्रुमननं त्याला घरी पाठवलं.

ली म्हणजे यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती, त्याच्यावर मात्र लोक हळवे होतात. चान्सलर्सव्हिलला मे १८६३ मध्ये समोर दुपटीहून जास्त सैन्य असताना त्यानं आपलं सैन्य फोडलं, आपल्या जनरल जॅक्सनला लांबून वळसा घालून शत्रूच्या बगलेवर सोडलं, आणि जिंकला. ज्या देशाच्या फौजेचा राजीनामा देऊन त्याच फौजेविरुद्ध लढला त्या देशाच्या यादीत त्याचा पहिला नंबर लावणं मला विचित्र वाटतं, पण तेही सोडा, नुसतं सैनिकी हिशेबानं बघा. दक्षिणेकडं माणसं कमी. अशा माणसानं माणूस जपून वापरायला हवा. हा काय करतो, तर ३ जुलै १८६३ला गेटिसबर्गला सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या रानातून जवळजवळ मैलभर चालवत तोफांच्या तोंडी देतो, त्याचाच जनरल लाँगस्ट्रीट नको नको म्हणत असताना, आणि त्यातले निम्मे पडतात. त्याच्या दोनेक महिने आधी दक्षिणेच्या सरकारनं विचारलं होतं की पश्चिमेला व्हिक्सबर्ग धोक्यात आहे, तुमच्याकडची एक डिव्हिजन तिकडं पाठवू का. ली म्हणाला, मग व्हर्जिनिया सांभाळायचा की मिसिसिपी ते तुम्हीच ठरवा. त्याला व्हर्जिनियाच्या पलीकडचं युद्ध फारसं दिसलंच नाही.

वॉशिंग्टन, इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती, वेगळ्या जातीचा. लाँग आयलंड हरला, ब्रँडीवाइन हरला, लढाया मोजल्या तर हरलेल्याच जास्त निघतील, पण फौज मोडू दिली नाही. १७७७ मध्ये त्यानं सगळ्या सैन्याला देवी टोचायचा हुकूम काढला, तेव्हाची टोचणी म्हणजे जिवावरचा खेळ होता, आणि शत्रूच्या गोळीपेक्षा देवीनं जास्त माणसं जाणार हे ओळखणारा सेनापती त्या काळात दुर्मीळ. १७८१ मध्ये यॉर्कटाउनकडं निघताना न्यूयॉर्कमधल्या इंग्रजांना फसवायला त्यानं न्यू जर्सीत फ्रेंच सैन्यासाठी पावाच्या भट्ट्या बांधायला लावल्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की वेढा न्यूयॉर्कलाच पडणार. भट्टी बघून इंग्रज फसला हे वाचून सप्लायवाल्याला जे वाटतं ते इतरांना नाही कळायचं. आणि युद्ध संपल्यावर डिसेंबर १७८३ मध्ये त्यानं राजीनामा दिला आणि घरी गेला, हे तर त्याचं सगळ्यात मोठं काम. पण निव्वळ सेनापती म्हणून त्याच्याच हाताखालचा नॅथानिएल ग्रीन मला जास्त भावतो. आपल्याकडं गनिमी कावा ऐकत वाढलेल्या माणसाला ग्रीन लगेच कळेल. लढतो, मार खातो, उठतो, पुन्हा लढतो, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. गिलफर्ड कोर्टहाउसला मैदान इंग्रजांकडं राहिलं पण त्यांची इतकी माणसं गेली की त्यांचा सेनापती कॉर्नवॉलिस किनाऱ्याकडं सरकला आणि शेवटी यॉर्कटाउनला अडकला. हाच कॉर्नवॉलिस पुढं आपल्याकडं गव्हर्नर जनरल म्हणून आला, १७९१ मध्ये टिपूवर चालून श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, बैल मेले, धान्य संपलं, जड तोफा स्वतःच निकामी करून मागं फिरला, आणि वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची मराठी फौज भेटली तेव्हा कुठं त्याच्या माणसांना पोटभर मिळालं. अर्थात फुकट नाही, आपल्या बाजारबुणग्यांनी चांगला चढा भाव लावला होता.

आता ग्रँटचं व्हिक्सबर्ग. माझ्या मते अमेरिकन इतिहासातली ही सगळ्यात सुंदर मोहीम, आणि गेटिसबर्गच्या गोंगाटात ती कुणाला माहीतच नसते, म्हणून इथं जरा थांबतो.

मिसिसिपी नदी, पूर्व काठावर उंच कडा, कड्यावर शहर आणि तोफा, खाली नदीचं अरुंद वळण. उत्तरेकडून यावं तर दलदल. ग्रँटनं डिसेंबर १८६२ मध्ये जमिनीवरून येऊन बघितलं, तर शत्रूच्या घोडदळानं मागं होली स्प्रिंग्जचा त्याचा डेपो जाळला. डेपो गेला म्हणजे मोहीम संपली, मागं फिरावं लागलं. पण परतताना माणसं जगवायची म्हणून त्यानं आजूबाजूच्या शेतांतून धान्य-चारा गोळा करायला लावला, आणि इतकं निघालं की तो स्वतः चकित झाला. ही गोष्ट त्यानं डोक्यात ठेवली. पुढं हिवाळाभर कालवा खणून बघितला, खाड्यांतून बोटी घालून बघितल्या, काहीच जमलं नाही, पेपरवाले दारुडा म्हणून झोडपत होते. शर्मन, त्याचा सगळ्यात जवळचा माणूस, म्हणाला मेंफिसला परत जाऊ आणि नीट सुरुवात करू. पुस्तकाप्रमाणं शर्मनचं बरोबर होतं. ग्रँट नाही म्हणाला, कारण मागं फिरलेली फौज म्हणजे हरलेली फौज असंच लोक धरणार आणि उत्तरेतलं वातावरण आधीच खचलेलं. राजकारण कळणारा सेनापती असा असतो, भाषण न ठोकता.

मग त्यानं फौज नदीच्या पश्चिम काठानं, चिखलातून, पूल बांधत बांधत शहराच्या खाली दक्षिणेला नेली. पण नदी ओलांडायला बोटी हव्यात आणि बोटी वर उत्तरेला. १६ एप्रिलच्या रात्री अॅडमिरल पोर्टरनं आरमार तोफांच्या नाकासमोरून खाली आणलं. माल वाहणाऱ्या आगबोटींच्या बॉयलरभोवती कापसाच्या आणि गवताच्या गासड्या रचल्या होत्या. त्या बोटींवरच्या बऱ्याच सिव्हिलियन खलाशांनी जायला नकार दिला, तेव्हा पायदळातूनच बोट चालवणारी माणसं मागितली आणि लागतील त्याहून जास्त पुढं आली. तिकडं शर्मननं उत्तरेला खोटा हल्ला दाखवला, आणि ग्रिअर्सन नावाचा कर्नल, लढाईआधी संगीत शिकवणारा आणि घोडे न आवडणारा, १,७०० स्वार घेऊन अख्ख्या मिसिसिपी राज्यातून रेल्वे उखडत गेला, त्यामुळे शत्रूचा सेनापती पेंबर्टन चारही दिशांना बघत बसला. नदी कुठं उतरायची हे एका स्थानिक कृष्णवर्णीय माणसानं सांगितलं, ब्रुइन्सबर्गला उतरा, तिथून आत चांगला रस्ता आहे. ३० एप्रिलला फौज पलीकडं.

आता खरी गंमत. राजधानी वॉशिंग्टनहून अपेक्षा अशी की जनरल बँक्सची फौज दक्षिणेकडून येईपर्यंत थांबा. बँक्सला वेळ लागणार होता. ग्रँटनं ठरवलं, थांबायचं नाही. राजधानीतला त्याचा वरिष्ठ जनरल हॅलेक हे कधी मान्य करणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत काम उरकलेलं असेल हेही ठाऊक होतं, हे त्यानं नंतर सरळ लिहूनही टाकलं. शर्मननं निरोप पाठवला की एवढ्या फौजेला या एका रस्त्यावरून रसद पुरणार नाही, आधी रस्ते करा. ग्रँटचं उत्तर मी वर्गात नेहमी सांगायचो: पूर्ण रेशन पोचवायचा माझा विचारच नाही, कडक बिस्किट, कॉफी आणि मीठ जमेल तेवढं आणू, बाकी मुलूख देईल. लोक म्हणतात त्यानं रसदेची लाइनच तोडली, तसं नाही, गाड्या येत होत्या, पण काय आणायचं आणि काय आणायचं नाही हे त्यानं ठरवलं होतं. काडतुसं शेतात उगवत नाहीत, मांस आणि मका उगवतो, एवढा सरळ हिशेब. वाहनं नव्हती म्हणून मळेवाल्यांची होती नव्हती ती सगळी ओढून आणली, म्हणजे शेठलोकांच्या झकपक बग्ग्या, त्यांत वरपर्यंत काडतुसांच्या पेट्या कोंबलेल्या, पुढं नांगराचा साज घातलेली खेचरं, लगाम म्हणून दोऱ्या, मागं कापूस वाहायच्या लांब बैलगाड्या. स्वतः सेनापतीकडं पहिले काही दिवस घोडा नाही, पांघरूण नाही, सामान म्हणजे एक टूथब्रश, असं सोबत असलेल्या काँग्रेसमन वॉशबर्ननं लिहिलंय.

पुढचं फार वेगात. १ मे पोर्ट गिब्सन, १२ रेमंड, १४ जॅक्सन, म्हणजे राज्याची राजधानी, १६ चॅम्पियन हिल, १७ बिग ब्लॅक नदीचा पूल. सतरा दिवसांत पाच लढाया, पाचही जिंकल्या, आणि माणसं गेली सुमारे साडेचार हजार, जखमी धरून. शहरात पेंबर्टन आणि बाहेर दक्षिणेचाच दुसरा जनरल जॉन्स्टन, या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, मधे घुसून आधी एकाला हाणायचं मग दुसऱ्याला. आणि पेंबर्टन बिचारा काय करत होता, तर ग्रँटची रसद तोडायला म्हणून चालून निघाला, तोडण्यासारखं तिथं फारसं काही नव्हतंच. नंतर २२ मेचा थेट हल्ला फसला, तीन हजारांवर माणसं पडली, मग ग्रँटनं वेढा घातला आणि ४ जुलैला सुमारे २९ हजार सैनिक शरण आले. लिंकननं पत्र लिहिलं, तुम्ही बरोबर होता आणि मी चुकलो. देशाचा प्रमुख सेनापतीला हे लिहून देतो, असं किती वेळा घडलंय?

मार्च १८६४ मध्ये सगळ्या फौजा ग्रँटच्या हाताखाली आल्या. तोवर प्रत्येक जनरल आपापल्या सोयीनं लढायचा, एक थांबला की दक्षिणवाले त्याच्यासमोरची माणसं रेल्वेनं दुसरीकडं न्यायचे. ग्रँट म्हणाला सगळे एकाच वेळी हलणार. व्हर्जिनियात लीसमोरच्या फौजेचा कमांडर मीड, त्याला हुकूम: लीची फौज हेच तुझं लक्ष्य, ली जाईल तिथं तू जायचं. शर्मनला: जॉन्स्टनची फौज फोड आणि आत जाता येईल तितकं जाऊन त्यांची युद्धसामग्री नष्ट कर. बस्स, कसं करायचं ते तुझं तू बघ. मीडचा चीफ ऑफ स्टाफ म्हणायचा की ग्रँटची ऑर्डर घाईत लिहिलेली असली तरी दुसऱ्यांदा वाचावी लागत नाही. ज्यानं आयुष्यात चार पानी ऑपरेशन ऑर्डरी वाचून डोकं धरलंय त्याला या वाक्याची किंमत कळेल. योजनेतले बँक्स, बटलर आणि सिगेल हे तिघंही फसले, राजकीय नेमणुका होत्या, पण शर्मननं अटलांटा घेतलं आणि लिंकनची निवडणूक वाचली.

ग्रँट खाटीक होता हा आरोप हमखास येतो. मे-जून १८६४ मध्ये व्हर्जिनियात ग्रँटची सुमारे ५५ हजार माणसं मृत, जखमी, बेपत्ता, लीची तीस-पस्तीस हजार. आकडा भयंकर आहे, लपवायचं कारण नाही, आणि कोल्ड हार्बरचा शेवटचा हल्ला करायला नको होता हे त्यानं स्वतःच लिहिलंय. पण लीनं १८६२ च्या जूनअखेर आठवडाभरातच वीस हजार माणसं खर्ची घातली होती, त्याला कुणी खाटीक म्हणत नाही. फौजेच्या प्रमाणात बघितलं तर लीचं नुकसान जास्तच भरतं. आणि कोल्ड हार्बरनंतर ग्रँटनं काय केलं ते बघा: समोर लीचे खंदक असताना अख्खी फौज गुपचूप काढून घेतली, जेम्स नदीवर शंभरेक होड्यांचा सुमारे २,१०० फूट लांब पूल टाकला आणि पीटर्सबर्गच्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि मुख्य फौज नेमकी कुठं गेली हे कळायला लीला काही दिवस लागले. पुढच्या माणसांनी तिथं कच खाल्ली नसती तर नऊ महिन्यांचा वेढा टळला असता. शेवटी ९ एप्रिल १८६५, अॅपोमॅटॉक्स. आदल्या दिवशी लीच्या रसदेच्या आगगाड्या पकडल्या गेल्या होत्या. लीनं शरणागतीवर सही केली, आणि ग्रँटनं पंचवीस हजार माणसांचं रेशन त्याच्याकडं पाठवायला सांगितलं, शिवाय शिपायांनी आपापले घोडे-खेचरं घरी न्यावीत, पेरणीला लागतील. १८६२ मध्ये डोनेलसनचा किल्ला, मग व्हिक्सबर्ग, मग अॅपोमॅटॉक्स, एका माणसापुढं तीन अख्ख्या फौजा शरण.

डाग आहेत. शायलोला एप्रिल १८६२ मध्ये तो गाफील सापडला. त्याच डिसेंबरात आपल्या हद्दीतून ज्यूंना सरसकट हाकलायचा हुकूम काढला, तो लिंकननं रद्द करायला लावला, आणि त्याला कुठलीही सबब चालत नाही. दारूचं म्हणाल तर त्रास होता, पण लढाईच्या दिवशी त्यापायी निर्णय बिघडला असा भरवशाचा पुरावा नाही.

विसाव्या शतकातून कुणी घ्यायचा झाला तर मी पॅटन-मॅकआर्थर सोडून मार्शल आणि रिजवे घेईन. मार्शल १ सप्टेंबर १९३९ला आर्मी चीफ झाला, त्याच दिवशी हिटलर पोलंडमध्ये घुसला, तेव्हा अमेरिकेची आर्मी दोन लाखांच्याही आत होती आणि १९४५ मध्ये ऐंशी लाखांच्या वर. पण त्यानं रणांगणावर कमांड केली नाही, म्हणून यादीत बसवणं अवघड. रिजवे डिसेंबर १९५० मध्ये कोरियात पोचला तेव्हा तिथली अमेरिकन आठवी आर्मी पळत होती. पोरांना गरम जेवण, हातमोजे, नीट तोफखान्याचा आधार, आणि पळपुट्या कमांडरांची बदली, एवढ्यावर त्यानं तीन महिन्यांत सोल परत घेतलं. मार्च १९५१ मध्ये त्याच आठव्या आर्मीच्या मुनसानच्या हवाई उडीत आपली ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे भारतीय लष्कराची वैद्यकीय तुकडीही होती, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या कमांडखाली, हे किती भारतीयांना माहितीय?

तर क्रम विचारत असाल तर ग्रँट, वॉशिंग्टन, रिजवे, ग्रीन. शर्मन पाचवा, त्यावर कुणी भांडणार असेल तर भांडणार नाही. जॉर्ज थॉमसचे भक्त मात्र आता येतीलच. थॉमस व्हर्जिनियाचा असून उत्तरेकडून लढला, चिकमॉगाला एकट्यानं फळी धरली, आणि नॅशव्हिलला डिसेंबर १८६४ मध्ये समोरच्या फौजेचा चक्काचूर केला. ग्रँट त्याच्याशी अन्यायानं वागला हे मला मान्य आहे, बर्फामुळे दोन-चार दिवस थांबला तर त्याला काढायची तयारी चालवली होती. पण एका फौजेपलीकडं त्याला कधी काही मिळालंच नाही, त्यामुळे माझ्या कसोटीवर त्याला मोजता येत नाही. कुणाला येत असेल तर नॅशव्हिलचा नकाशा घेऊन बसू.